चौकोनातून अष्टकोनात : राजाबाई टॉवरचे एक वाचन

वऱ्हाडात कलेतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याची एक मोठी अडचण आहे. अभ्यासक्रमात बिझंटाइन घुमट येतो, रोमानेस्क कमान येते, गॉथिक कॅथीड्रल येते, आणि हे सगळे त्याला पुस्तकातल्या बोटभर छायाचित्रांवरून समजून घ्यावे लागते. छायाचित्रात दगडाचे वजन कळत नाही. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते, तेही कळत नाही. व्याख्या पाठ होतात, पेपर सुटतो आणि डोळा कोरा राहतो. अशा विद्यार्थ्याने अमरावतीहून किंवा अकोल्याहून रात्रीची गाडी धरावी, मुंबईला उतरावे आणि ओव्हल मैदानावर उभे राहून एक अख्खा दिवस राजाबाई टॉवर, त्याच्या पोटाशी असलेले विद्यापीठाचे ग्रंथालय आणि दक्षिणेकडचे दीक्षान्त सभागृह पाहावे. पंधराशे वर्षांचा युरोप तिथे दगडात लिहून ठेवला आहे. तो वाचता मात्र यायला हवा.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. ही एकोणिसाव्या शतकातली नक्कल आहे. नकलेवरून मध्ययुग कसे शिकणार? पण ही नक्कल ज्याने केली तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मूळ ग्रंथ जन्मभर वाचत आलेला माणूस होता. १८४९ पासून लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या वास्तूची देखभाल त्याच्याकडे होती. त्याआधीच, १८४७ पासून, पूर्व इंग्लंडमधल्या ईली कॅथीड्रलच्या जीर्णोद्धाराचे काम त्याने हाती घेतले होते. मोडकळीस आलेली कमान पुन्हा उभी करायची तर ती मुळात उभी कशी राहिली होती हे समजावेच लागते. स्कॉटने मुंबई कधी पाहिली नाही. त्याने लंडनहून नकाशे पाठवले, १ मार्च १८६९ ला पायाभरणी झाली, मार्च १८७८ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात टॉवर पुरा झाला.

पैसा कुठून आला, हे वऱ्हाडातल्या माणसाने तरी विसरू नये. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईच्या बंदराकडे वळली. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडच्या काळीत पिकलेल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचे नावच ‘ऊमरा’ होते, आणि ते अमरावतीवरून पडलेले होते. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली १८६७ साली. त्या तेजीच्या दिवसांत आपल्याकडच्या पऱ्हाटीचे बोंड बंड्यांवर लादून, रेल्वेचे रूळ तेव्हा जिथपर्यंत आले असतील तिथवर न्यावे लागे. या व्यापारावर मुंबईत जे धनाढ्य झाले त्यांतला सर्वांत मोठा प्रेमचंद रायचंद. त्याने १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढी इच्छा सांगितली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, मुंबईचे सट्टेबाज आणि बँका बुडाल्या आणि प्रेमचंदही बुडाला. विद्यापीठाला दिलेले पैसे मात्र देऊन झालेले होते. म्हणून हा मनोरा उभा आहे. त्याच्या दगडात वऱ्हाडच्या कास्तकाराचा घाम किती, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. तो आहे, एवढे मी खात्रीने म्हणतो.

वाचन सुरू करायचे ते टॉवरपासून नव्हे. आधी सभागृह. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ते १८७४ साली पुरे झाले. लांबी १०४ फूट, रुंदी ४४ फूट, छताच्या शिरोबिंदूपर्यंत उंची ६३ फूट. शैली पंधराव्या शतकातल्या फ्रान्सची. पण शैलीकडे बघण्याआधी आराखडा बघावा, कारण आराखडा शैलीपेक्षा हजार वर्षांनी जुना आहे. लांबट दालन, आणि त्याच्या टोकाला मोठ्या कमानीपलीकडे अर्धगोल गाभारा. याला ॲप्स म्हणतात. रोमन लोकांच्या बॅसिलिकात, म्हणजे न्यायदान आणि व्यापाराच्या सार्वजनिक दालनात, या अर्धगोलात न्यायाधीश बसे. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या काळी ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला आणि एकदम मोठ्या जमावासाठी प्रार्थनास्थळे हवी झाली. तेव्हा ख्रिस्ती लोकांनी देवळाचा नमुना घेतला नाही. रोमन देऊळ देवाच्या मूर्तीचे घर होते. भक्त बाहेर उभे राहत. नव्या धर्माला सगळ्यांना आत घ्यायचे होते. म्हणून त्यांनी बॅसिलिका घेतली आणि न्यायाधीशाच्या जागी बिशपला बसवले. त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळात धर्मगुरू बसू लागले. याच अर्धगोलावर पुढे बिझंटाइन कारागिरांनी काचेच्या आणि सोन्याच्या बारीक तुकड्यांची मोझेक चित्रे जडवली. इटलीतल्या राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये, जे ५४७ साली अर्पण झाले, ॲप्सच्या वरच्या भागात निळ्या गोलावर बसलेला तरुण, दाढी नसलेला ख्रिस्त आहे आणि बाजूच्या भिंतींवर सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या परिवारासह उभे आहेत.

मुंबईच्या सभागृहात त्या अर्धगोलात व्यासपीठ आहे. न्यायाधीशाची जागा बिशपने घेतली, बिशपची विद्यापीठाच्या कुलपतीने. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. धर्माने सार्वजनिक दालन उसने घेतले होते. दीड हजार वर्षांनी ते पुन्हा सार्वजनिक झाले, आणि तेही ख्रिस्ती नसलेल्या बहुसंख्य पदवीधरांच्या देशात. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १८७७ साली याच विद्यापीठाचे बी. ए. झाले, सभागृह तेव्हा नवे होते आणि शेजारी टॉवरचे काम चालू होते. नागपूर विद्यापीठ निघाले १९२३ साली. तोवर उच्च शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या अनेक वऱ्हाडी तरुणांच्या नजरेसमोर मुंबईचे हे दालन होते.

व्यासपीठाकडे पाठ करून पाहिले की भिंतीत वर गोल खिडकी दिसते. व्यास २० फूट. गॉथिक वास्तूत हिला गुलाब-खिडकी म्हणतात. दगडाच्या बारीक पाकळ्या आणि त्यांत रंगीत काच. इथल्या खिडकीत बारा राशी आहेत. परदेशी नमुन्यात मराठी माणसाला एकदम ओळखीची खूण सापडते ती इथे : मेष, वृषभ, मिथुन, कर्क. स्कॉटने हे आपल्यासाठी केले असे मानायचे कारण नाही. मध्ययुगातल्या कॅथीड्रलांची ती जुनी चाल आहे. फ्रान्समधल्या आमियाँच्या आणि शार्त्रच्या दरवाजांवर राशींच्या जोडीला त्या त्या महिन्याची कामे कोरलेली आहेत : पेरणी, द्राक्षवेलींची छाटणी, कापणी, मळणी, थंडीत शेकोटीशी बसणे. देवाचे घर आणि शेतीचे वर्ष तिथे एकाच दाराशी येतात. राशी ग्रीकांकडून तिकडे गेल्या आणि इकडेही आल्या. मुंबईच्या खिडकीत त्यांच्याबरोबर महिन्यांची कामे नाहीत, ही मला उणीव वाटते. मृगाची पेरणी आणि दिवाळीनंतरची वेचणी तिथे असायला हवी होती.

ग्रंथालयाच्या इमारतीबद्दल थोडक्यात. तिची धाटणी चौदाव्या शतकातल्या गॉथिकची, त्यात व्हेनिसचा सूर मिसळलेला. कोपऱ्यातले उघडे गोल जिने पाहून व्हेनिसचा पलाझ्झो कोंतारिनीचा गोगलगायी जिना आठवतो. व्हेनिसचे गॉथिक मुळातच बिझंटाइन रंगात भिजलेले आहे, कारण त्या शहराचे डोळे शतकानुशतके कॉन्स्टंटिनोपलकडे लागलेले होते. त्यांचे सेंट मार्क्स चर्च तिथल्याच एका चर्चच्या नमुन्यावर, पाच घुमटांनिशी उभे आहे. ओव्हलकडच्या कमानींच्या ओळी मात्र मुंबईच्या हवामानाला चोख बसल्या. मध्ययुगीन मठाची ओवरी इथे व्हरांडा झाली, पाऊस आणि पश्चिमेचे ऊन दोन्ही अडवू लागली. वरच्या वाचनदालनात रंगीत काचा आहेत आणि २०१५ साली पुऱ्या झालेल्या दुरुस्तीनंतर त्या पुन्हा उजळल्या आहेत. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिस मठाच्या सुझेर नावाच्या प्रमुखाने ११४० ते ११४४ मध्ये चर्चचा पूर्वभाग नव्याने बांधला. भिंत शक्य तितकी पातळ करून त्याने काचेला जागा करून दिली. साध्या उजेडातून माणसाचे मन वरच्या उजेडाकडे जाते, अशी त्याची श्रद्धा होती. गॉथिकचा जन्म त्या कामातून झाला असे मानतात. वाचनालयात पुस्तकावर पडणारा रंगीत उजेड हा त्याच श्रद्धेचा दूरचा वारस आहे.

आता टॉवर. एकूण उंची २८० फूट. खाली चौकोनी बुंधा. ६८ फुटांवर पहिला सज्जा येतो आणि तिथे चौकोनाचा अष्टकोन होतो. तिथून ११८ फूट दुसरा टप्पा, आणि त्यावर कळसापर्यंत ९४ फूट. मार्गदर्शक लोक याची तुलना लंडनच्या बिग बेनशी करतात. मला ती वरवरची वाटते. बिग बेन खालपासून घड्याळापर्यंत चौकोनीच आहे. राजाबाईचे सगळे सौंदर्य त्या चौकोन मोडण्याच्या क्षणात आहे, आणि त्याचे मूळ शोधायचे तर स्कॉटच्या ईलीकडे जावे. ईली कॅथीड्रलचा मधला मनोरा १३२२ साली कोसळला. तिथल्या धर्मगुरूंनी चौकोनी मनोरा पुन्हा बांधला नाही. चार खांबांऐवजी आठ आधार घेतले, मोकळी झालेली जागा अष्टकोनी केली आणि तिच्या डोक्यावर लाकडी कंदील, म्हणजे उजेड आत घेणारा खिडक्यांचा मनोरा, चढवला. सगळ्या मध्ययुगीन इंग्लंडमध्ये असा दुसरा अष्टकोन नाही. त्याच्या डागडुजीचे काम ज्या माणसाने पाहिले त्यानेच मुंबईचा टॉवर आखला, हा योगायोग मला वाटत नाही.

चौकोनी जागेवर गोल किंवा गोलाजवळ जाणारे काही कसे ठेवायचे, हा प्रश्न जगभरच्या वास्तुकारांना पडला. त्याच्या उत्तरांवरून त्या त्या संस्कृतीची बुद्धी कळते. कॉन्स्टंटिनोपलच्या हागिया सोफियात ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत अँथेमियस आणि इसिडोरस यांनी दिलेले उत्तर सर्वांत धाडसी. चार मोठ्या कमानींच्या मधल्या चार त्रिकोणी जागा त्यांनी वक्र केल्या. हे चार त्रिकोण म्हणजे एका मोठ्या गोलाच्या पृष्ठभागाचे तुकडे; ते वर जाऊन एका वर्तुळात मिळतात आणि त्या वर्तुळावर सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट बसतो. घुमटाच्या पायाशी चाळीस खिडक्या आहेत, त्यामुळे तो उजेडावर ठेवल्यासारखा दिसतो. धाडस महाग पडले : ५५८ साली घुमट कोसळला आणि ५६२ साली तो अधिक उंच करून पुन्हा बांधावा लागला.

वऱ्हाडाचे उत्तर वेगळे आहे आणि ते अकोल्यापासून दूर नाही. बार्शीटाकळीला काळंका देवीच्या मंदिरात शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ चा शिलालेख आहे. त्या वर्षी पॅरिसच्या नोत्र दामचा पूर्वभाग बांधला जात होता आणि इंग्लंडात कँटरबरीचे जळालेले चर्च नव्याने उभे राहत होते. ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो त्या देवळांच्या मंडपात खांबांवर चार तुळयांचा चौकोन असतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकल्या की अष्टकोन होतो. त्यावर प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेला की छत मिटत जाते आणि मध्ये कमळ लोंबते. इथे कमान नाही, चुना नाही, बाजूला ढकलणारा जोरही नाही. आहे ते वजन आणि तोल. गॉथिक कारागीर बाजूला पडणाऱ्या जोराशी झुंजतो, त्याला बाहेरून टेकू देतो. आपला कारागीर तो जोर निर्माणच होऊ देत नाही. म्हणून गॉथिक दालन उंच आणि उजेडाचे झाले, आपला मंडप बुटका, थंड आणि गाढ सावलीचा. कोणते श्रेष्ठ, हा प्रश्न मला पडत नाही. पण राजाबाईच्या ६८ फुटांवरच्या सज्ज्याकडे बघताना ज्याने बार्शीटाकळीचे छत उताणे पडून पाहिले आहे त्याला जे दिसेल, ते इतरांना दिसणार नाही.

टॉवरचा तिसरा टप्पा मला गर्दीचा वाटतो. शिखरे, कोंब, कोनाडे एकमेकांच्या अंगावर येतात. स्कॉटच्या कागदावर ते सुबक दिसले असेल. दगडात जरा कोरडे झाले आहे. जॉन रस्किनने १८५३ साली व्हेनिसवरच्या आपल्या ग्रंथात गॉथिकच्या स्वभावाबद्दल एक प्रकरण लिहिले. त्याचा आशय असा की गॉथिकचे प्राण टोकदार कमानीत नाहीत, ते कारागिराच्या स्वातंत्र्यात आहेत. जिथे कोरणारा हात फक्त दुसऱ्याचा नकाशा उतरवतो तिथे कमानी कितीही असोत, गॉथिक मेलेले आहे. या कसोटीवर लंडनहून आलेला नकाशा नापास व्हायला हवा.

तो होत नाही, आणि त्याचे श्रेय रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचे आहे. हे सरकारी नोकरीतले अभियंते. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या २४ मूर्ती आहेत. त्यांचे नमुने त्यांनी घडवले. कॅथीड्रलवर ज्या ठिकाणी संत, प्रेषित आणि यहुदी राजे उभे असतात, त्या ठिकाणी इथे आपल्या रस्त्यांवरची माणसे उभी आहेत. पागोट्याचा घाट, अंगरख्याची बांधणी, उभे राहण्याची ढब यांवरून एकेकाचा मुलूख ओळखावा लागतो. खालून ते नीट दिसत नाही. दुर्बीण नेलीच पाहिजे.

आणि इथेच ही इमारत खरोखर मध्ययुगीन होते. शार्त्रच्या रंगीत खिडक्यांत पाव भाजणारा आहे, चामडे विकणारा आहे, जोडे शिवणारा आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेलच्या सभादालनात तेराव्या शतकातल्या पाथरवटांनी आपल्याच रानातली ओक, हॉथॉर्न, द्राक्षवेल आणि हॉप यांची पाने खांबांच्या माथ्यांवर कोरली, इतकी बारकाईने की आजही झाड ओळखता येते. मध्ययुगातला कारागीर स्वर्ग कोरायला बसला की त्याच्या छिन्नीखाली आपले गाव यायचे. मुकुंद रामचंद्र यांनी तेच केले. त्यांना कुणी रस्किन वाचून दाखवला होता की नाही, याने काही फरक पडत नाही. स्कॉटने गॉथिकचा देह पाठवला होता. या २४ मूर्तींनी त्यात जीव आला. सबंध टॉवरवर सर्वांत चांगले काम कोणते असे कुणी विचारले तर मी याच मूर्तींकडे बोट दाखवीन.

टोकदार कमानीबद्दल एक गोष्ट राहिली. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरते. रुंदीच्या निम्मी, त्याहून जास्त नाही. टोकदार कमान दोन कंसांची असल्यामुळे रुंदी कमी असो की जास्त, शेंडा हव्या त्या उंचीवर नेता येतो, आणि तिचा जोरही बाजूपेक्षा खाली अधिक जातो. गॉथिकचे सगळे गगनगामी धाडस या एका सोयीवर उभे आहे. ही कमान युरोपची नाही. सेंट-डेनिसच्या आधी कित्येक पिढ्या ती इस्लामी जगात रुळलेली होती. सिसिली आणि दक्षिण इटलीच्या वाटेने ती उत्तरेकडे गेली असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तीच कमान दुसऱ्या वाटेने वऱ्हाडात आली. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, बहमनी राज्याच्या अखेरीचा, वऱ्हाडचा सुभेदार फतहउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळातला. टोकदार कमान, तिच्या वर कोरीव लेख, दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे. मुंबईच्या सभागृहाला ज्या पंधराव्या शतकातल्या फ्रेंच शैलीचा नमुना घेतला, तिच्याच शतकातला हा दरवाजा आहे. ओव्हलवरची कमान आणि नरनाळ्यावरची कमान एकाच घराण्यातल्या आहेत. एक पश्चिमेकडे फिरून समुद्रमार्गे आली, दुसरी पूर्वेकडे चालत.

अमरावती-अकोल्याच्या कलामहाविद्यालयांना आणि इतिहास विभागांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्यांकडून तीन रेखाटने एकाच प्रमाणात, स्वतः मापे घेऊन करून घ्या : बार्शीटाकळीच्या मंडपाचे छत, नरनाळ्याची महाकाली कमान आणि राजाबाई टॉवरचा चौकोन मोडतो तो सज्जा. पहिल्या दोन जागा जवळच्या आहेत. सज्ज्याची मापे विद्यापीठाच्या परवानगीशिवाय मिळणार नाहीत. परवानगीचा अर्ज महाविद्यालयाच्या पत्रावर आधीच पाठवा, आणि मैदानावर जाताना मुकुंद रामचंद्रांच्या मूर्तींसाठी चांगली दुर्बीण बरोबर ठेवा.